सर्व्हरचे राखणदार आणि प्लग-इनची पारख

चाकणच्या एखाद्या मध्यम कारखान्यातून सुट्या भागांनी भरलेला ट्रक मोठ्या वाहन कंपनीकडे निघतो, तेव्हा मालाइतकेच महत्त्व त्याच्यासोबतच्या कागदाला असते. ई-वे बिल २०१८पासून आले. त्यानंतर ई-इन्व्हॉइसची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांनाही ती लागू झाली. बिलाची नोंदणी झाली नाही, तर ट्रक दारातून बाहेर पडत नाही. तो वेळेवर पोहोचला नाही, तर पलीकडची असेंब्ली लाइन अडखळते, कारण इथला वाहन उद्योग गोदामे भरून ठेवण्याच्या पद्धतीवर चालत नाही. माल लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच यावा, असा त्याचा हिशेब असतो. या साऱ्या साखळीची एक कडी म्हणजे कार्यालयामागच्या वातानुकूलित खोलीत अहोरात्र घरघरणारे दोन-चार सर्व्हर.

१९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी-चिंचवड परिसरात भूखंड पाडले. बजाज आणि टेल्को आल्या, त्यांच्या पाठोपाठ शेकडो लघुउद्योग आले. चाकणची भरभराट त्या मानाने अलीकडची. १९९९मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला आणि २००९-१० या काळात फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांचे प्रकल्प आले. कारखाने वाढले तसे त्यांचे संगणकही वाढले. लेथ आणि प्रेस यांची देखभाल करणारा फोरमन या पट्ट्याला नवा नाही. सर्व्हरची देखभाल करणारा माणूस मात्र अजूनही पुष्कळ ठिकाणी एकटाच असतो. प्रिंटरपासून हजेरीच्या यंत्रापर्यंत सारे त्याच्याच गळ्यात असते. म्हणूनच देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज त्याला सर्वाधिक भासते.

राखणदार आणि त्याचे कान-डोळे

सर्व्हर व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणजे थोडक्यात राखणदार. ते ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन ‘बरे आहे ना?’ असे विचारते, उत्तर नोंदवून ठेवते आणि उत्तर वाकडे आले की संबंधित माणसाला हाक मारते. परंतु प्रत्येक कारखान्यातील यंत्रे निराळी, डेटाबेस निराळे, यूपीएसची बनावट निराळी. या साऱ्यांची ओळख एकाच सॉफ्टवेअरला जन्मतः असणे शक्य नाही. त्यासाठी मूळ सॉफ्टवेअरला हात न लावता बाहेरून जोडता येणारे छोटे कार्यक्रम लिहिले जातात. त्यांना प्लग-इन म्हणतात.

या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे नॅगिऑस. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने ते प्रसिद्ध केले. त्या नावावरून ट्रेडमार्कचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २००२मध्ये नाव बदलले. नव्या नावाची फोड ‘आता संतपदाचा आग्रह नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे म्हणून केली जाते. संगणकतज्ज्ञांच्या विनोदबुद्धीचा तो एक बरा नमुना. स्रोतसंहिता खुली असल्याने ते लहान उद्योगांनाही परवडले. २००९मध्ये त्यातूनच फुटून ‘इसिंगा’ निघाले. ‘झॅबिक्स’ची परंपरा स्वतंत्र आहे. नॅगिऑसचे अधिकृत प्लग-इन सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचा आणि मूळ कंपनीचा २०१४च्या जानेवारीत खटका उडाला. ती मंडळी ‘मॉनिटरिंग प्लग-इन्स’ या नावाने वेगळी झाली. तेव्हापासून एकाच वंशातील दोन संच उपलब्ध आहेत, आणि आपल्या यंत्रावर नेमका कोणता आहे हे ठाऊक असणे, ही पारख करणाऱ्याची पहिली पायरी.

नॅगिऑसचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या गाभ्याला सर्व्हर, डिस्क किंवा तापमान यांतले काहीही कळत नाही. तो फक्त प्लग-इन चालवतो आणि प्लग-इन संपताना परत केलेला एक आकडा वाचतो. शून्य म्हणजे सारे ठीक, एक म्हणजे सावधानतेचा इशारा, दोन म्हणजे गंभीर, आणि तीन म्हणजे ‘काही सांगता येत नाही’. आकड्यासोबत माणसाला वाचता येईल अशी एक ओळ येते. त्या ओळीत उभी रेघ मारून पुढे मोजमापे दिली, तर त्यांवरून आलेखही काढता येतात. एवढाच करार. म्हणून प्लग-इन कोणत्याही भाषेत लिहिता येते, आणि चाकणच्या एखाद्या तरुण अभियंत्याने शेलमध्ये लिहिलेल्या वीस ओळींना कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या प्लग-इनइतकाच मान मिळतो.

या साधेपणात एक खोच आहे. गाभा प्लग-इनवर पूर्ण विश्वास टाकतो. प्लग-इनने चुकून शून्य परत केले, तर डिस्क फुटली तरी पडद्यावर हिरवाच रंग दिसतो. देखरेख नसलेल्या सर्व्हरपेक्षा खोटा हिरवा रंग दाखवणारा सर्व्हर अधिक घातक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या बाबतीत माणूस निदान स्वतः उठून पाहतो.

पारख कशी करावी?

पुष्कळांची समजूत अशी असते, की प्लग-इन बसवले, पडद्यावर हिरवी खूण आली, म्हणजे चाचणी झाली. वास्तविक तेथून चाचणीला सुरुवात होते. प्लग-इनचे काम बिघाड ओळखण्याचे आहे. बिघाड दाखवल्याशिवाय त्याची परीक्षा कशी होणार? डिस्कची जागा पाहणारे प्लग-इन असेल, तर चाचणीच्या यंत्रावर एक मोठी निरुपयोगी फाइल तयार करून डिस्क खरोखर भरावी. वेब सर्व्हर पाहणारे असेल, तर ती सेवा बंद करून पाहावी. दोन वीजपुरवठे असलेल्या सर्व्हरचे एक केबल काढावे. प्रत्येक वेळी परत आलेला आकडा आणि ओळ दोन्ही तपासावीत, कारण ओळीत ‘गंभीर’ लिहून आकडा मात्र शून्य देणारी प्लग-इनही आढळतात.

मर्यादांचे आकडे हा स्वतंत्र विषय आहे. या प्लग-इनच्या लेखनसंकेतानुसार नुसते ‘१०’ लिहिले, तर शून्य ते दहा हा ठीक पट्टा मानला जातो आणि त्याबाहेर इशारा दिला जातो. ‘१०’पुढे अपूर्णविराम दिला, तर अर्थ उलटतो आणि दहाच्या खाली गेल्यावर इशारा येतो. डिस्क पाहणाऱ्या प्रचलित प्लग-इनमध्ये तर टक्केवारी मोकळ्या जागेची असते. ‘नव्वद टक्के भरली की सांग’ अशा विचाराने कोणी तेथे ९० टक्के असा आकडा दिला, तर नव्वद टक्क्यांहून कमी जागा मोकळी होताच, म्हणजे जवळजवळ पहिल्या दिवसापासून, इशारे सुरू होतात. दोन-तीन दिवस कटकट सोसून मग कोणीतरी तो इशाराच बंद करून टाकतो. डिस्क खरोखर भरते, तेव्हा सांगणारा कोणी उरत नाही.

दुसरी हमखास फसगत अधिकारांची. अभियंता मुख्य प्रशासकाच्या खात्यातून प्लग-इन चालवून पाहतो आणि ते उत्तम चालते. देखरेख करणारे सॉफ्टवेअर मात्र मर्यादित अधिकारांच्या निराळ्या खात्यातून तेच प्लग-इन चालवते. त्या खात्याला फाइल वाचण्याची परवानगी नसते, आज्ञांचे मार्ग निराळे असतात, आणि पडद्यावर ‘परत आलेला आकडा १२७ मर्यादेबाहेर’ असा गूढ संदेश उमटतो. १२७ याचा अर्थ प्लग-इन सापडलेच नाही. १२६ म्हणजे सापडले, पण चालवण्याची परवानगी नाही. म्हणून पहिली चाचणीसुद्धा त्याच मर्यादित खात्यातून करावी. परवानगी मिळत नाही म्हणून त्या खात्याला सरसकट सारे अधिकार देऊन टाकण्याचा मोह आवरावा. केवळ एका आज्ञेपुरती मुभा देता येते.

चाकणमध्ये परदेशी कंपन्यांची वर्दळ असल्याने आणखी एक अडचण लक्षात ठेवण्याजोगी आहे. जर्मन मांडणी ठेवलेल्या यंत्रावर साडेतीन हा आकडा दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविरामाने लिहिला जातो. दुसऱ्या आज्ञेचे उत्तर वाचून त्यातून आकडा वेचणारे प्लग-इन असेल, तर ते तीन वाचते किंवा गोंधळून जाते. पुण्याच्या संगणकावर बिनचूक ठरलेले प्लग-इन मुख्यालयाहून आलेल्या तयार यंत्रावर खोटे बोलू लागते, ते असे.

वेळमर्यादेची चाचणी तर फारच थोडे लोक करतात. समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही, पण नकारही देत नाही, अशा अवस्थेत प्लग-इनने किती थांबावे? बहुतेक प्लग-इन दहा सेकंदांनी हात टेकतात आणि नॅगिऑस स्वतः साठ सेकंदांनी त्यांना संपवते. स्वतः लिहिलेल्या प्लग-इनमध्ये ही सोय विसरली गेली, तर स्विच बंद पडल्याच्या क्षणी शेकडो प्लग-इन एकाच वेळी ताटकळत बसतात आणि राखणदाराच्याच यंत्राचा श्वास कोंडतो. नेटवर्कची तार काढून ही चाचणी दोन मिनिटांत होते.

एवढे झाल्यावर उरते ती हाक पोहोचण्याची परीक्षा. हवा तो आकडा मुद्दाम परत करणारे ‘चेक-डमी’ नावाचे एक प्लग-इन असते. ते बसवून प्रत्यक्ष फोन वाजतो का हे पाहावे. भारतात याला विशेष महत्त्व आहे. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो आणि नमुन्यात न बसणारा संदेश अडवला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी कडकपणे सुरू झाली, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामकाला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. प्लग-इनच्या नव्या आवृत्तीने इशाऱ्याच्या ओळीतील शब्द बदलले, तर तो एसएमएस वाटेतच गळू शकतो, ही गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडणार नाही.

गुरुवारची सुट्टी आणि बसवणीचा क्रम

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी प्रायः गुरुवारी असते. विजेची मागणी सर्व दिवसांत विभागली जावी, या हेतूने ही प्रथा पडली. सर्व्हरवरील बदलांसाठी गुरुवार स्वाभाविकच सोयीचा. पण महावितरणची दुरुस्तीची कामेही पुणे परिसरात बहुधा गुरुवारीच निघतात. नवे प्लग-इन बसवत असताना वीज गेली आणि यूपीएस जेमतेम अर्धा तास तगणारा असला, तर बिघाड प्लग-इनचा की विजेचा, हे ठरवताना दिवस जातो. त्यामुळे त्या दिवशीच्या वीजबंदचे वेळापत्रक आधी पाहणे शहाणपणाचे. उलटपक्षी, गुरुवारी कारखाना बंद असल्याने सर्व्हरवर ताणही नसतो. गुरुवारी शांत दिसलेले प्लग-इन शुक्रवारच्या पहिल्या पाळीत, सारी यंत्रे एकदम जागी झाल्यावर, कसे वागते ते पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.

बसवणीचा क्रम आधी चाचणीचे यंत्र, मग बिनमहत्त्वाचा एक खरा सर्व्हर, मग मोजके चार-पाच आणि शेवटी सारे, असा असावा. नवे प्लग-इन आरंभी काही दिवस मूकपणे चालवावे. त्याने निकाल नोंदवावेत, पण कोणाला उठवू नये. संरचनेची फाइल बदलल्यावर सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी ती तपासून घेण्याची आज्ञा नॅगिऑसमध्येच आहे. ती वगळली आणि एका कंसाची चूक राहिली, तर राखणदार उठतच नाही. प्रत्येक बदलाची नोंद आवृत्तीसह ठेवावी, म्हणजे मागे फिरण्याची वाट मोकळी राहते.

दूरच्या सर्व्हरवर प्लग-इन चालवण्यासाठी एनआरपीई नावाचा मध्यस्थ ५६६६ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. बाहेरून येणाऱ्या आज्ञेसोबत तपशील स्वीकारायचे की नाही, हे ठरवणाऱ्या त्याच्या पर्यायाचे नावच मुळी ‘एनआरपीईला दोष देऊ नका’ असे आहे. तो पर्याय मुळात बंद असतो. सोयीसाठी तो उघडणाऱ्याने नावातला इशारा वाचावा.

प्लग-इन हीच पळवाट

आतापर्यंतचे विवेचन प्लग-इन चुकण्याबद्दल होते. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे प्लग-इनमधूनच चोर आत येणे. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवण्यासाठी व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि त्या साऱ्यांची किल्ली ‘व्हीसेंटर’ या व्यवस्थापन प्रणालीत असते. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीने जाहीर केले, की व्हीसेंटरसोबत येणाऱ्या एका प्लग-इनमध्ये गंभीर दोष असून परवलीच्या शब्दाविना त्यातून फाइल चढवता येते. तीव्रतेच्या दहाच्या मापात या दोषाला ९.८ गुण मिळाले. जाहीर झाल्यानंतर एक-दोन दिवसांतच महाजालावर असुरक्षित सर्व्हरांचा धुंडोळा सुरू झाला.

तीन महिन्यांनी, २५ मे रोजी, दुसरा दोष उघड झाला. तोही ९.८चाच, आणि तोही प्लग-इनमध्ये. हे प्लग-इन व्हीसॅन या साठवण व्यवस्थेचे आरोग्य तपासणारे होते. व्हीसॅन न वापरणाऱ्यांकडेही ते आपोआप चालू होते. बोध घेण्यासारखा तपशील पुढेच आहे. पॅच लावणे तातडीने शक्य नसेल, तर प्लग-इन थांबवावे असा सल्ला होता. पण पडद्यावरील बटण दाबून ते बंद करणे पुरेसे नव्हते. एका संरचना फाइलमध्ये त्याला ‘विसंगत’ म्हणून नोंदवून सेवा पुन्हा सुरू करावी लागे. प्लग-इन बंद दिसणे आणि खरोखर बंद असणे, यांत अंतर असते. त्यामुळे काढून टाकण्याचीही चाचणी करावी लागते.

सोलारविंड्सचे प्रकरण याहून वेगळ्या जातीचे. ‘ओरायन’ हे त्या कंपनीचे सॉफ्टवेअर नेमके सर्व्हर आणि नेटवर्क यांच्या देखरेखीचेच. हल्लेखोरांनी कंपनीच्याच कारखान्यात शिरून ओरायनच्या एका घटकात आपला मजकूर मिसळला. फायरआय या कंपनीने १३ डिसेंबर २०२० रोजी त्याचे वर्णन प्लग-इन असेच केले. त्यावर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी होती. सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत ती अद्ययावत आवृत्ती पोहोचली. बसल्यानंतर जवळजवळ दोन आठवडे ते प्लग-इन काहीही न करता निजून राही, म्हणजे आठवडाभराची चाचणी ते सहज उत्तीर्ण झाले असते. स्वाक्षरी तपासा, हा नियम आवश्यक आहे; तो पुरेसा नाही. राखणदाराच्या यंत्राला बाहेरच्या महाजालावर मुक्त संचार कशाला हवा, हा प्रश्न त्या प्रकरणानंतर अनेकांना प्रथमच पडला.

दुष्ट हेतू नसतानाही काय होते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल सोडण्यात आली. आराखड्यात एकवीस रकाने, तर प्रत्यक्षात पुरवलेले वीसच, अशी ती विसंगती होती. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक कोसळले होते. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती फाइल आधी थोड्या यंत्रांवर सोडून पाहिली असती, तर नुकसान तेवढ्यावरच राहिले असते.

कायद्याची बाजू, आणि जुनी यंत्रे

पिंपरी-चिंचवडला हा विषय परका नाही. २०२१च्या फेब्रुवारीअखेर स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या निगडी येथील सर्व्हरवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. २७ सर्व्हर बाधित झाल्याची आणि सुमारे पाच कोटींच्या नुकसानीची तक्रार पोलिसांत नोंदवली गेली. पुढे २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, १८० दिवसांच्या नोंदी जपणे आणि सर्व सर्व्हरची घड्याळे नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवणे बंधनकारक झाले. घड्याळ पाहणारे प्लग-इन एरवी कोणाच्या खिजगणतीत नसते. आता ते कायद्याच्या पूर्ततेचे साधन झाले आहे.

कारखान्यांतील एक कोपरा मात्र या साऱ्या पद्धतींपासून दूर ठेवावा लागतो. प्रेस किंवा रंगशाळेजवळच्या नियंत्रण पेटीत कित्येकदा विंडोज एक्सपी चालवणारा संगणक असतो. त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. पण यंत्रसामग्री पुरवणाऱ्याने नवी आवृत्ती दिलेली नसते आणि यंत्र तर उत्तम चालत असते. त्यावर आजचे प्लग-इन बसत नाही, आणि बळेच बाहेरून वारंवार विचारणा केली, तर जुनी नियंत्रण यंत्रे गोठल्याचे अनुभव आहेत. तेथे प्रश्न न विचारता, स्विचवरून जाणारी वाहतूक नुसती ऐकण्याची पद्धत बरी. तो संगणक वेगळ्या जाळ्यात ठेवावा आणि त्याच्या खोलीचे तापमान व यूपीएस एवढ्यावरच नजर ठेवावी. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र बंद पडले, तर बिघाडाची पहिली वर्दी बहुधा तापमानाच्या त्या साध्या प्लग-इनकडूनच येते.